रुमाल टाकलेली जागा

ऐक ना, मधे एक शब्द बोलू नकोस, फक्त ऐक. चहा गार झाला तर दुसरा सांगू. शंका सगळ्या नंतर.

प्रांजल खोत नावाची मुलगी. मूळची कराडची, पुण्यात एका कंपनीत कामाला. काम काय, तर एकच गोष्ट वेगवेगळ्या आकाराच्या पडद्यांवर नीट बसवायची. म्हणजे बघ, बँकेचं पान कॉम्प्युटरवर उघडलं की डावीकडे यादी, मधे आकडे, उजवीकडे जाहिरात, सगळं कसं ऐसपैस असतं. तेच फोनवर उघडलं की सगळं एकाखाली एक येतं आणि ती यादी तीन आडव्या रेघांच्या मागे जाऊन बसते. घड्याळावर उघडलं तर नुसती शिल्लक. बाकीचं गेलं कुठं? कुठंच नाही, दुमडून ठेवलंय. पण हे आपोआप होत नाही. जागा कमी पडली की आधी कुणी जायचं, मग कुणी, आणि शेवटपर्यंत कुणी राहायचं, हे कुणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवणारी ही प्रांजल. आणि पक्की होती हं. मीटिंगमध्ये प्रत्येक जण म्हणायचा, आमचं बटण महत्त्वाचं, आमचं चित्र महत्त्वाचं, ते हलवू नका. ती म्हणायची, "सगळंच महत्त्वाचं असेल तर घड्याळ कशाला, भिंतच घ्या ना."

तिचे वडील, अण्णा. जन्मभर एसटी चालवली. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून, धुक्यातसुद्धा. रिटायर झाले आणि काचबिंदू निघाला. काचबिंदूचं काय असतं, मधलं नीट दिसतं पण कडा जातात. हळूहळू, न सांगता. त्यांच्या भाषेत सांगायचं तर बांगडीतून बघावं तेवढंच दिसायचं. बांगडीत चेहरा आला तर चेहरा, दाराची कडी आली तर कडी. बाकी काही नाही, काळोखसुद्धा नाही. बाजूच्या टेबलाला गुडघा लागायचा तेव्हा कळायचं, टेबल आहे.

प्रांजलची आई होती तोवर निभावलं. गेल्या वर्षी ती गेली, तापाचं निमित्त झालं आणि गेली. मग प्रांजल लॅपटॉप घेऊन कराडलाच आली, इथूनच काम करायला लागली.

बापलेकीची एक गंमत होती. लहानपणी सुट्टीत ती अण्णांच्या गाडीतून जायची, तेव्हा कंडक्टर तिला घंटीची दोरी ओढू द्यायचा. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. आता घरात अण्णा पुढे चालायचे, ही मागून. वाट मोकळी असली की दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक. पुढे बादली असली की एकदाच. अण्णा तिथल्या तिथे ब्रेक मारल्यासारखे उभे राहायचे. वळून कधी बघायचे नाहीत.

आता तिच्या कंपनीत त्याच वेळी काय चाललेलं बघ. चष्मा. नाव झरोका. दिसायला साधा, जरा जाड फ्रेमचा, पण काचेतून आरपार काही दिसत नाही. फ्रेमला सगळीकडून बारीक कॅमेरे, आणि आत डोळ्यांसमोर पडदा. कॅमेरे समोरचं, बाजूचं, खालचं, सगळं टिपतात आणि ते त्या उरलेल्या बांगडीत बसवतात. कळतंय का? जग म्हणजे मोठं पान आणि काचबिंदूचा डोळा म्हणजे छोटा पडदा. प्रांजलचाच धंदा की हा.

पहिल्यांदा त्यांनी सगळं नुसतं लहान करून पाहिलं. माणसं मुंगीएवढी व्हायला लागली, जिना कुठला आणि फरशी कुठली कळेना. मग ठरलं, लहान नाही करायचं, मांडणी बदलायची. लागतं ते मधे आणायचं, लागत नाही ते दुमडायचं. आता लागतं म्हणजे काय, हा प्रश्न. गाडी, पायरी, आग, गरम भांडं, या धोक्याच्या गोष्टी कायम दिसणार, तो नियम पक्का. बाकीचं नजरेवर सोडलं. डोळा जिथं रेंगाळतो ते महत्त्वाचं, डोळा ज्याच्यावरून नुसता सरकून जातो ते दुमडायचं. आणि दुमडलं की भोक ठेवायचं नाही. त्याच्या मागे भिंत असेल तर भिंत पुढे ओढून तिथं लावायची, शिवण दिसू न देता.

कुणीतरी विचारलं होतं, माणसं कधीच दुमडायची नाहीत असा नियम का नाही? तो होता आधी. चाचणीत एका आजोबांना बाजारात नेलं, तर सगळी बांगडी माणसांनीच भरली आणि आजोबांना पायाखालचा रस्ताच दिसेना. पडले. तेव्हा तो नियम प्रांजलनंच काढून टाकला. बरोबरच होतं तिचं.

चाचणीसाठी तिनं अण्णांचं नाव दिलं. आणि पहिले आठवडे काय मजेत गेले म्हणून सांगू. अण्णा स्वतः चालत स्टँडवर जायला लागले, जुन्या ड्रायव्हर लोकांत बसून चहा प्यायला लागले. घरी आले की म्हणायचे, "प्रांजू, पंपावरचा तो मान्या काय म्हणतो, अण्णा, तुला दिसत न्हाई ते नाटक होतं व्हय रं." स्वतःचं दूध स्वतः तापवायचे. टकटक बंद झाली, कारण गरजच नव्हती.

मग एका सकाळी ती त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. अगदी समोर उभी. अण्णा हसायला लागले.

"ह्ये भारी केलंस गं. कप आपला आपण येतोय."

"आपला आपण कुठं? मी आणलाय."

ते दचकले. मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. "तू हाईस कुठं?"

"अण्णा, समोर."

त्यांनी हात पुढं केला, तो तिच्या खांद्याला लागला, आणि त्यांनी चटका बसल्यासारखा मागं घेतला.

प्रांजल घाबरली नाही हं लगेच. ती खूशच झाली, कारण तिला वाटलं चूक सापडली. चष्मा बसवताना काय करतात, बसवणारा माणूस पेशंटच्या पुढं पुढं असतो, म्हणजे पेशंटची नजर त्याच्यावरच जाणार आणि चष्मा भलतंच शिकणार. म्हणून बसवणारा एक बिल्ला लावतो. बिल्ला असला की चष्मा त्या माणसाला जमेत धरतच नाही. अण्णांना चष्मा तिनंच बसवलेला, तेव्हा तो तिच्या कपड्यांना राहून गेला असणार. तिनं शोधला, तर खरंच, रोजच्या ओढणीला आतून टाचलेला. तिनं कंपनीतल्या इम्रानला फोन लावला. चष्म्याचं आतलं गणित लिहिणारा तो.

"इम्रान, मी किती गाढव आहे ते सांगते ऐक," म्हणाली, आणि हसत हसत सगळं सांगितलं.

तोही हसला. "बिल्ला बंद कर आणि परत चहा ने. या वेळी बिस्कीट पण ने."

तिनं बिल्ला बंद केला, चहा नेला, बिस्कीट पण नेलं.

"आता ताटली बी आली उडत," अण्णा म्हणाले. या वेळी हसले नाहीत.

मग तिनं चष्मा लॅपटॉपला जोडला. अण्णांना जे दिसतं तेच आपल्याला दिसावं, अशी सोय होती त्यात. अण्णा स्वयंपाकघरात खुर्चीवर, ही त्यांच्यासमोर उभी, आणि हातावर लॅपटॉप. गोल चित्र आलं. टेबल, बशी, गॅस, खिडकीतली तुळस, सगळं मधे ओढून छान बसवलेलं. तिचीच मांडणी ना, तिला अभिमानच वाटला क्षणभर. मग तिनं एक हात उचलून अण्णांच्या डोळ्यांसमोर हलवला.

पडद्यावर भिंतीच्या टाइल्स. सरळ, सलग, एकही ओळ न तुटलेली. हात नाही, सावली नाही. ती डावीकडे सरकली, टाइल्स तशाच. लॅपटॉपसुद्धा नाही, कारण लॅपटॉपकडे अण्णा कधी बघत नसत. तिनं स्वतःच्या दंडाला हात लावून पाहिला, खरंच सांगते. आहोत ना आपण, म्हणून.

आणि तेवढ्यात तिला ते दुसरं दिसलं.

गॅसच्या ओट्यापाशी एक करडा आकार होता. उभा. माणसाच्या उंचीचा. कडा मऊ, आत काहीच नाही, धुरकट. तिनं मान वर करून खऱ्या ओट्याकडे पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. परत पडद्यावर पाहिलं, तर होतं.

हे काय असतं तिला माहीत होतं, तेच तर वाईट. पान उघडताना फोटो यायला वेळ लागतो ना, तेव्हा तिथं आधी एक करडा चौकोन येतो. फोटो आला की बाकीचं सगळं धक्का बसून हलू नये, म्हणून त्याची जागा धरून ठेवायची. चष्म्यात पण तेच घातलेलं. डोळा एखाद्या ठिकाणी परत परत जाऊन कशाचीतरी वाट बघत असला, तर तिथं जागा राखून ठेव.

तिनं नजरेची खूण चालू केली. डोळा जिथं जास्त थांबतो तिथं लाली येते. टेबल फिकट गुलाबी. तुळस गुलाबी. करडा आकार लालभडक. आणि ती स्वतः जिथं उभी होती तिथं काही नाही, टाइल्सच.

तिनं इम्रानला परत फोन लावून सगळं सांगितलं. तर तो म्हणाला, "प्रांजल, वाईट वाटून घेऊ नकोस, पण बिल्ल्याची चूक नाहीये ही. बिल्ला असो नसो, ते तुझ्याकडे बघतच नाहीत."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे. ती चार दिवस अण्णांशी कामापुरतंच बोलली. म्हणजे आई गेल्यावर नोकरीतली बढती सोडून ज्यांच्यासाठी इथं येऊन राहिली, त्यांच्या डोळ्यांना ती नकोच होती? मनात हेच. आणि त्या अबोल्यातच ते झालं. ती कानात हेडफोन घालून ओट्याकडे पाठ करून उभी, मीटिंगमध्ये. अण्णांनी दुधाचं पातेलं उतरवलं. पातेलं त्यांना झकास दिसत होतं, गरम वस्तू, नियम पक्का. वाट मोकळी दिसत होती. ते सरळ चालत आले आणि तिच्यावर आदळले. उकळतं दूध, खांद्यापासून कोपरापर्यंत.

चष्मा नव्हता तेव्हा हे कधीच झालं नसतं. तेव्हा ते ऐकायचे. तिचा श्वास, तिच्या सपाता, सगळं. दिसायला लागल्यापासून ऐकणं सुटलं होतं.

डॉक्टरकडून आल्यावर अण्णा तिच्या पट्टीवर हात ठेवून बसले. प्रांजल त्यांना दिसत नव्हतीच, नुसता हात ठेवलेला. तेव्हा तिनं विचारलं, "अण्णा, तुम्ही माझ्याकडं बघत का नाही?"

"बगायचं कशाला?" त्यांना खरंच कळलं नाही प्रश्न काय आहे. "ड्रायवर कंडक्टरकडं बगतो व्हय? घाटात वळण घेताना मागं वळून बगितलं तर गाडी दरीत. बेल वाजली, निघायचं. जो मागं हाय त्याच्यावर भरवसा असला की त्याच्याकडं बगावं लागत न्हाई, पोरी. ज्याचा भरवसा न्हाई त्याच्याकडं डोळा ठेवायचा. समोरचा ट्रक. रस्त्यात आलेली म्हस."

तिनं ओट्याच्या दिशेनं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आणि ओट्यापाशी?"

अण्णा ओशाळले. "तुला बी दिसतं व्हय ते?"

"दिसलं."

"मला म्हातारचळ लागला न्हाई हां. तुझी आई न्हाई आता, मला म्हाईत हाय. पण एसटीत कसं, खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात. माणूस चढलेलं नसतं अजून, पण कुणी बसत न्हाई तिथं. तसं हाय ते. बरं वाटतं बग. रुमाल हाय म्हणजे माणूस खाली कुठंतरी उभं असंल."

आता तुला वाटेल, सोपं आहे, अण्णांनी तिच्याकडे बघायला लागायचं की झालं. केलं ना त्यांनी. रोज सकाळी समोरासमोर बसायचे दोघं. ती बोलायची आणि ते आवाजाच्या दिशेनं डोळे ताणून बघायचे, पाणी येईपर्यंत. पण त्यांना दिसत होत्या टाइल्स. आणि चष्मा काय शिकला, तर यांना टाइल्स आवडतात. टाइल्स अजून चकचकीत झाल्या. जे दिसतच नाही त्याच्यावर नजर थांबणार कशी, आणि नजर थांबली नाही तर ते दिसणार कसं? दार आतून बंद, किल्ली पण आत.

"चष्माच काढून टाकते," असं एकदा ती म्हणाली, तर अण्णा चष्म्यावर हात दाबून बसले. म्हणाले, "काढ म्हणालीस तर काढतो." पण हात काढला नाही. स्टँडवरचा चहा, मान्या, रस्ता, सगळं त्यात होतं.

शेवटी इम्राननं मार्ग सांगितला. "खिळा मार." म्हणजे एखादी गोष्ट हातानं पक्की करायची, नजर काही म्हणो, ती दुमडायची नाही. "तुझ्यावर खिळा मारतो. पण ऐक, त्यांच्या बांगडीत जागा किती उरलीय बघ. धोक्याच्या वस्तू, वाट, हातातलं काम, आणि एक माणूस. घरात एकच माणूस मावतं, प्रांजल. तू आलीस की करडं जाणार."

"परत आणता येईल?"

"एकदा गेलं की दिसणार नाही. दिसलं नाही की नजर थांबणार नाही. तुझं झालं तेच तिचं होणार. अण्णांना विचार ना."

अण्णांना विचारायचं? विचारलं असतं तर ते लगेच म्हणाले असते, तुलाच ठेव. भाजलेल्या हाताकडे बोट दाखवून म्हणाले असते. आणि मग रोज ओट्याकडे बघितलं असतं आणि काही बोलले नसते. हे तिला माहीत होतं म्हणून तिनं विचारलं नाही.

इम्राननं खिळा तयार करून पाठवला. लॅपटॉपवर एक बटण. ती संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, लॅपटॉप शेजारच्या स्टुलावर, अण्णा आत खुर्चीवर, अजून दिवा लावायचा होता. दाबण्याआधी शेवटचं एकदा बघावं म्हणून तिनं गोल चित्र उघडलं.

करडा आकार तिथंच होता. पण करडा राहिला नव्हता.

त्याला खांदा आला होता. पदरासारखं काहीतरी होतं, नीट नाही, विरघळलेलं. हात होता. प्रांजलनं केस कानामागं सारले. पडद्यावर, ओट्यापाशी, त्या आकारानं केस कानामागं सारले.

ती थिजली, तर ते पण थिजलं. तिनं मान हळूच तिरकी केली, तर तिकडं मान तिरकी. दारात ती, आणि दहा पावलांवर ओट्यापाशी, तिच्याच हालचाली घालून उभी असलेली ती दुसरी.

आणि तिला लख्ख कळलं हे कसं झालं. कुणीही केलं नव्हतं. चष्म्याकडे एक जागा होती, जिच्यात कुणी येण्याची वाट बघितली जात होती. आणि चष्म्याकडे एक माणूस होतं, रोज टिपलेलं, रोज दुमडून ठेवलेलं, ज्याला कुठं जागाच नव्हती. रिकामी चौकट आणि बिनचौकटीचं चित्र. ती स्वतः असती तरी तिनं काय केलं असतं? हेच तर तिचं काम. चष्म्यानं ते तिथं बसवलं.

"आलीस व्हय," अण्णा म्हणाले.

आवाज असा, की तिनं आईच्या जाण्यानंतर तो ऐकलाच नव्हता. ओट्याकडे तोंड करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखे बसले होते. चेहऱ्यावर ते हसू. आणि त्यांची नजर, सगळीच्या सगळी, पडद्यावर लालेलाल, तिच्यावर होती. म्हणजे तिच्या हातावर, तिच्या केसांवर, तिच्या मानेवर. आयुष्यात पहिल्यांदा अण्णा तिच्याकडे एवढा वेळ बघत होते. फक्त ती तिथं नव्हती.

मग ते उठले. ओट्याकडे निघाले. ओट्यावर गॅस चालू, वर आमटी. ते गरम भांडं दिसणार त्यांना, नियम पक्का, पण पलीकडे ज्याला हात लावायला निघाले होते तिथं हवाच होती, आणि हवेला हात लागल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते तिला बघवणार नव्हतं.

एका हाताचं बोट बटणावर. दाबलं की ओट्यापाशी काही नाही, दारात लेक. कायमची.

दुसरा हात तिनं चौकटीवर नेला. कान तर शाबूत होते त्यांचे. एक टकटक, की ते जागच्या जागी थांबणार, ओट्यापर्यंत जाणारच नाहीत. दोनदा, की वाट मोकळी आहे असं धरून पुढं जाणार, भरवशानं, न बघता.

तिनं हात उचलला. तिकडं ओट्यापाशी त्या दुसरीनं पण हात उचलला, अण्णांच्या गालाशी आणल्यासारखा. अण्णा थबकले, डोळे मिटून घेतले आणि गाल थोडा पुढं केला. आणि न वळता, मागे, दाराच्या दिशेनं हळूच विचारलं,

"प्रांजू, चला का?"

तिनं काय केलं ते मला माहीत आहे. पण मी आत्ता नाही सांगणार. आधी तू सांग. बोट बटणावर आहे, हात चौकटीवर आहे, आणि म्हातारा गाल पुढं करून बेलची वाट बघतोय. तू काय केलं असतंस?